मेलेल्यांनी आता उठावं

बेलापूरच्या किल्ल्यात मी आजवर अकरा वेळा मेलो.
दर जानेवारीचा तिसरा रविवार, सकाळी साडेनऊ.
दुसरी तोफ झाली की उजव्या कुशीवर पडायचं.
डाव्या कुशीवर नाही पडत, खांदा दुखतो.

फिरंगी व्हायला कुणी तयार नसतं.
मढव्यांचा हरेश पहिल्याच वर्षी म्हणाला,
"आई बगाला येनार हाय, मी मावलाच."
उरलो मी, महावितरणचा जुईनगरचा कारकून,
घारे डोळे, जरासा गोरा.
तेवढ्यावर माझं राष्ट्र ठरलं.

कोट नेरुळच्या पडदेवाल्याकडे उरलेल्या मखमलीचा.
चिलखत पेणच्या मूर्तिकाराने ओतलं, फायबरचं,
आतून अजून सोंडेचा गुलाबी रंग दिसतो.
तोफ पीव्हीसीची, धूर धुपाटण्याचा.
दारूला पोलिसांची परवानगी नाही,
दोन्ही प्रकारच्या.

वैजनाथसर मात्र बटणं मोजतात.
"चार भोकांची बटणं त्या काळी? शक्य नाही."
म्हणून अख्खा श्रावण मी शिंपल्या घासत बसलो.
बायको म्हणाली, मरायलाच जायचंय ना,
की लग्नाला?

मेल्यावर पंचवीस मिनिटं हलायचं नाही.
सर माइकवर सांगत असतात:
सन, सैन्य, खाडीची भरती,
वेढा किती दिवस चालला
याबद्दल कागदांत एकमत नाही,
आणि एवढं बोलून थांबतात.
ते थांबणं मला आवडतं.

जमिनीला कान लागला
की घोषणा आधी पायांतून येते, मग तोंडातून.
एक मुंगळा माझ्या मनगटावरून
बिनदिक्कत हद्द ओलांडतो.
बुरुजाला लावलेल्या परांचीवर खार.
शेजारी मेलेला सानपाड्याचा फार्मासिस्ट
हळूच घोरायला लागलेला.

यंदा सहावी ब मधली एक मुलगी
दोरीखालून आत आली.
हातात प्रश्नावली:
गटाचे नाव, शस्त्राचे नाव, तुम्ही काय शिकलात.
माझ्याजवळ उकिडवी बसली, कुजबुजली,
"काका, तुम्ही कुणाच्या बाजूने मेलात?"

मेलेल्याने बोलायचं नाही, नियम चौथा.
उत्तर तर पाठच होतं, फिरंग्यांच्या.
पण तोफा ओढणारे, रात्रीचे पहारे देणारे
सगळेच का गलबतांतून उतरले असतील?
एखादा इथलाच असेल, खाडीपलीकडचा,
भिंतीबाहेरून आपल्याच बोलीतली शिवी ऐकून
हातातली बत्ती क्षणभर विसरलेला.
त्याचा कागद नाही.
सरांना विचारलं होतं एकदा.
ते तेव्हाही थांबले होते.

"पगाराच्या," मी ओठ न हलवता म्हणालो.

तिने लिहून घेतलं, पुन्हा वाचलं,
आणि विचारलं, "मिळाला का?"

तेवढ्यात बुरुजावर निशाण चढलं.
टाळ्या, शिट्ट्या, हरेशची आई रडली,
दरवर्षी रडते.
माइकवर सर म्हणाले,
"मेलेल्यांनी आता उठावं, नाश्ता आलाय."
फार्मासिस्ट दचकून उठला, माती झटकली,
भाले, टोप, तोफेचे तुकडे टेम्पोत चढू लागले.

मी पडूनच राहिलो.
ती तशीच बसली होती,
वहीतली पुढची रिकामी ओळ
बोटाने धरून.