उलांडी

चाळीस वर्षं दर्यावर उभा राहिलेला माणूस
आंबोलीच्या तिसऱ्या वळणावर ओकतो.
माझे बाबा. तांडेल.
निवतीच्या खडकांपलीकडे, वादळातही
ज्यांच्या ताटलीतली पेज कधी सांडली नाही,
ते एस्टीमच्या मागच्या सीटवर
प्लास्टिकची पिशवी धरून, डोळे मिटून,
महिन्यातून एकदा, कोल्हापूरला,
डोळ्यांच्याच डॉक्टरकडे.

"लाट येताना दिसता," ते म्हणतात,
"हिचा काय दिसणा नाय."

लवू कुबलचं गॅरेज म्हणजे एक फणस, एक पत्रा
आणि पूर्वी काजूबिया वाळायच्या ते खळं.
"गाडी एका अंगार झोपता," तो खालून बोलला.
"स्टॅबिलायझर जाड घालूया."

मग तीन आठवडे मी मिलिमीटर वाचले,
वह्या तपासून झाल्यावर, रात्री.
एकोणीस, बावीस, चोवीस.
भरीव की पोकळ. काळं रबर की लाल पॉलियुरेथेन.
पुण्याचा दुकानदार म्हणाला, मॅडम, मागे चोवीस घ्या,
रुळावरून चालल्यासारखी वळेल.
मी विचारलं, आणि पावसात?
तो थांबला. थांबला ते बरं केलं.
मागचं टोक सुटतं, म्हणाला, कधी कधी.
आंबोलीत कधी कधी म्हणजे जून ते ऑक्टोबर.
पुढे बावीस, मागे एकोणीस सांगितले. रबर काळंच.

खोकं एसटीने कुडाळला आलं.
आत दोन दांडे, कुर्लीच्या नांग्यांसारखे वाकलेले,
आणि एक कागद, ज्यावर सगळे बोल्ट सहज सुटत होते.

आमचे सुटेनात.
खाऱ्या वाऱ्याने धरून ठेवलेले,
आधी तेल, मग पाना, मग शिव्या, मग गॅसची ज्योत.
चौथा तुटलाच.
लवूची बहीण चहा ठेवताना त्याकडे बघून
"आमच्या होडयेचे पण अशेच" म्हणाली आणि आत गेली.

दांडा बसला तेव्हा मी पाना मागितला,
शेवटचे आटे मी देणार म्हणून.
लवूने पाना पाठीमागे धरला.
"चाका अधांतरी आसत.
आता आवळलंस तर रबर जल्मभर पिळलेला रवता.
आधी गाडी जमनीर टेकांदे,
तिचा वजन तिच्यार येवंदे. मगे आवळ."

म्हणून चिऱ्यांवर चढवलेल्या गाडीखाली
मी शिरले. तिचं सगळं वजन तिच्या पायांवर,
माझ्या नाकावर ग्रीसचा एक थेंब.

बाबा फणसाखाली खुर्चीत,
एका डोळ्याला दिसेल तेवढं बघत.
"ह्याचा काम काय?"
लवूने हात पुसले. "दोनूय चाका एकदम उडाली
तर कायएक करणा नाय, नुसतो फिरता.
एक वर, एक खाली झाला की पिळता,
मगे दुसऱ्याक ओढता."
बाबा बराच वेळ गप्प.
एक फणसाचं पान पडलं, त्यांनी ते पायाने सरकवलं.
"उलांडी," म्हणाले. "पोटाखाली लपवलेली."
लवूने दांड्यावरून बोट फिरवलं,
जणू वस्तू आत्ताच हातात आली.

मंगळवारी, तिसरं वळण. माझी नजर आरशात.
गाडी कलली नाही. म्हणजे कलली,
पण विचारून.
पिशवी घडीची घडी.
सातव्या वळणाला बाबांनी काच खाली केली:
"वाईच जोरात घे."

संध्याकाळी आमच्या पाणंदीत
डावं चाक खड्ड्यात गेलं आणि उजवंही हिसकलं.
पूर्वी असं व्हायचं नाही,
ज्याचा खड्डा त्याच्यापुरता असायचा.
बाबांचं डोकं काचेवर आपटलं.
"लागला?"
"लागतलाच," ते म्हणाले,
आणि कोरडी पिशवी खिशात घातली,
पुढच्या महिन्यासाठी.