यादीतलं चौथं नाव

आमच्या आधी या घरात एक दंतवैद्य राहायचा.
डनीडिनच्या उभ्या चढावरचं लाकडी घर,
त्यानं छतात गोल गोल स्पीकर बसवून घेतलेले:
स्वयंपाकघरात, बैठकीत,
अगदी कपडे धुण्याच्या खोलीतसुद्धा,
आणि मागच्या लहान खोलीत एक.
आम्ही आलो तेव्हापासून मुकेच होते.
एकाच्या जाळीमागे गांधीलमाश्यांनी संसार थाटला,
तेवढाच काय तो आवाज.

जानेवारीच्या उन्हात मरडोनं मनावर घेतलं.
निवृत्त माणसाला भिंत मोकळी दिसू नये.
माळ्यावर चढला, शिंकला, उतरला, परत चढला,
वायरींची टोकं सापडली,
प्रत्येकीला चिकटपट्टी, त्यावर दंतवैद्याचं बारीक अक्षर:
वर उजवी. वर डावी. खालची दाढ.

मग साबणाच्या वडीएवढी एक डबी आणली,
जुन्या अँप्लिफायरला जोडली,
आणि टेबलावरच्या संगणकातून
गाणं निघालं ते कशालाही न धरता
छतात जाऊन बसलं.
“ऐक!” मरडो म्हणाला,
जणू अंडं त्यानंच घातलं होतं.
मी बटाटे सोलत होते. ऐकलं.
स्वयंपाकघरात शब्द आधी यायचा,
बैठकीत पाव क्षण उशिरा.
मधल्या दारात उभं राहिलं की
एकच बाई स्वतःच्या मागे धावायची.

खोल्यांना नावं द्यावी लागतात.
ग्रीर तेव्हा घरी होती, जायला आठ दिवस उरलेले.
तिनंच दिली, तिच्या लॅपटॉपवरून:
स्वयंपाकघर. बैठक. धुणं.
चौथ्याला जरा थांबली,
मग लिहिलं, ग्रीर.
आणि ग्लासगोला गेली.

जूनमध्ये, रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी,
मागच्या खोलीत कोणीतरी ढोल बडवायला लागलं.
मरडोच्या हातात शेकोटीची सळई,
त्याच्या मागे मी, टॉर्च घेऊन.
दार उघडलं.
इस्त्रीचं टेबल, खोकी, थंडी.
आणि छतातून एक पोरगा
जीव तोडून कोणाला तरी परत बोलावत होता.
आम्ही दोघं वर बघत उभे,
गळक्या छताकडे बघावं तसे.

गाणं अर्ध्यात तुटलं. पुन्हा लागलं.
आवाज वाढला. आणखी वाढला.
तेव्हा मला दिसलीच ती:
तिकडे दुपारचे चार, भाड्याची खोली,
लॅपटॉपवर वाकलेली, जीभ दातांत,
ऐकू येईना म्हणून बटण दाबत सुटलेली.
लहानपणापासूनची खोड,
हलत नाही ते आणखी जोरात ढकलायचं.
सात मिनिटं.
मग शांत. सापडलं असणार.

“उद्या तिचं खातं काढून टाकतो,” मरडो म्हणाला,
“अर्ध्या मिनिटाचं काम.”

फोनवर ती बरी असते.
महिन्यातून दोनदा बरी असते.
पाऊस आहे, बरी आहे, ठेवते.
या चुका तिनं कधी सांगितल्या नाहीत,
आम्हीही विषय काढला नाही.
पण तीनदा झालं अजून.
एकदा तर स्वयंपाकाचं काहीतरी, एक माणूस कांद्याबद्दल बोलत होता,
मला इतकं बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये विचारलं मरडोला, खात्याचं काय झालं?
“वेळच मिळाला नाही,”
निवृत्त माणूस म्हणाला.
अँप्लिफायरच्या गोल बटणापाशी मात्र
पेन्सिलीची एक खूण होती,
शेजारी उठणार नाहीत, आपण उठू, एवढ्यावर.

परवा पुन्हा. नुसता पियानो.
तोच तुकडा, संपला की परत तोच, चार वेळा.
आवाज कोणी वाढवला नाही.
आम्ही उठलो नाही. झोपलोही नाही.
पाच वाजता मी शाळेची बस काढायला निघाले,
तर मरडो मागच्या खोलीत शिडीवर,
जुना दातांचा ब्रश घेऊन
जाळीवरची धूळ काढत होता.
इस्त्रीचं टेबल बाहेर बोळात आलेलं.

उशीर होत होता.
मी शिडी धरली.