मनरंजने

छापील कानडी तक्त्यात शब्द होता मनरंजने.
आमच्या मनोरंजनातला एक काना, एक मात्रा गळालेली,
बाकी अर्थ तोच.
खाली चौकोन: सिनेमा, जत्रेतले खेळ, क्लब, केबल, इतर.
एका घरामागे मला अठ्ठावीस रुपये.
चौकोन भरले काय, रिकामे राहिले काय,
अठ्ठावीसच.

वडगावात मंगळवार. माग बंद,
म्हणून गल्लीला तिचा स्वतःचा आवाज ऐकू येत होता,
कुणाची कढई, कुणाचं शिंकणं.
शेवंता बाळेकुंद्रीकरांनी दार उघडलं,
बोटांत रेशमाचा गुंता तसाच.
"काय विचारूलालास बाबा? बस की आधी."

तांदूळ सांगितला, गॅस सांगितला,
बॉबिनचे, दवाखान्याचे, भुजंगाच्या ट्यूशनचे आकडे
पाढ्यासारखे तोंडपाठ.
मनोरंजन म्हटल्यावर हसल्या.
"आमचं कसलं? शून्य लिही."

लिहिलं. पाचही चौकोनांत.
शून्याला कानडीत आणि मराठीत एकच वळण पुरतं.

"आई, केबल?" भुजंगा आतून ओरडला.
केबलचं शून्य खोडलं. दोनशे पंचाहत्तर.
"पण ती मामंजींसाठी हं.
बघत नाहीत ते. झोप लागायला आवाज लागतो.
औषधात धर."
तक्त्यात तशी सोय नव्हती.

मग नवऱ्याची कुस्ती निघाली.
शिनोळीचं मैदान, तिकीट शंभर,
वडापचे जायचे यायचे चाळीस,
कुणा पोरसवद्या पैलवानावर उधळलेले पन्नास,
"आणि परत येताना काय ते मला विचारू नको."
शिनोळी महाराष्ट्रात.
सूचनापुस्तिकेच्या नवव्या पानावर स्पष्ट आहे:
राज्याबाहेरचा खर्च धरू नये.
मी तसं सांगितलं.
"म्हणजे त्यांनी मजा केलीच नाही?"
हे त्यांना फार आवडलं.
"लेखी दे. रात्री दाखवते."

चहा आला.
मी पेनला टोपण लावलं आणि त्या हळूच म्हणाल्या,
एक आहे. घरात ठाऊक नाही.

मंगाईच्या जत्रेत मोठा पाळणा येतो.
साठ रुपये. दोनदा बसते. एकटी.
पहिल्यांदा डोळे मिटून,
दुसऱ्यांदा उघडून.
खालची माणसं भरेपर्यंत वर थांबतो ना तो,
लटकत,
तिथनं आपलं घर दिसतं.
गेल्या साली दिसलं,
मागच्या पाखीवर तीन कौलं फुटलेली,
चिमणीच्या आडोशाला.
तीन पावसाळे गवंडी शोधत होता.
उतरले, दुसऱ्या दिवशी त्याला बोटानं जागा दाखवली.
त्याला अजून कळलेलं नाही मला कसं कळलं.
सासूबाई सांगत फिरतात,
देवी सुनेच्या स्वप्नात आली.

साठ दुणे एकशेवीस.
नियमाला धरून मी विचारलं,
"घरदुरुस्तीत टाकू?"

त्यांनी बशी खाली ठेवली.
"दुरुस्तीचे गवंड्याला दिले.
हे माझे."

पेन उघडलं.
जत्रेच्या चौकोनातलं शून्य खोडावं लागलं नाही,
त्याच्या डाव्या अंगाला बारा लिहिले.
जागा कमी होती,
दोनाची शेपटी रेघेबाहेर गेली.

महिन्याभरानं धारवाडहून लाल शेरा आला:
जत्रा, मागील फेरीत निरंक, अचानक वाढ, कारण द्यावे.
देवीचं नाव लिहावंसं वाटलं.
"पडताळले, बरोबर" एवढंच लिहून पाठवलं.

त्या दिवशी मात्र अजून सहा घरं उरली होती.
शेजारच्या दारात एक म्हातारी बीट चिरत होती,
लाल हातानंच मला थांबवून म्हणाली,
"मनोरंजन? आमचं कसलं रे? शून्य लिही."

मी शून्य लिहिलं,
चौकोनाच्या अगदी उजव्या कडेला.