अकरा मिनिटं

संध्याकाळचे साडेपाच. बाहेर उणे एकतीस.
आत, काचेखाली, काकड्यांचा जून महिना.
सोडियमचे जुने दिवे डोक्यावर भणभणतायत
आणि मी सातव्या ओळीत
वेलांची बगलफूट खुडत पुढे सरकतेय.

दाराजवळच्या छोट्या पडद्यावर एक आकडा असतो.
आमचा मालक स्टूरे त्याला नाडी म्हणतो.
पन्नास असला की अंगात ताप नाही.
नॉर्वेतलं धरण, स्वीडनमधली करवत-गिरणी,
नेर्पेसच्या या काकड्या :
सगळ्यांच्या मनगटात एकच ठोका.

मला नाडी म्हटलं की आठवते बुटाची,
वाटीतल्या तेलात बुडवलेली,
वात म्हणून.
सारायेवो. मी चौदा वर्षांची.
वीज टेकडीवरच्या माणसांच्या मुठीत होती
आणि ती गेली की
परत यायचं वचन देऊन जात नसे.

आज किनाऱ्यावरची एक भट्टी
एकाएकी बसली (हे मागाहून कळलं).
आकडा घसरला, एकोणपन्नास पूर्णांक पंच्याऐंशी,
आणि कुणी कुणाला न विचारता
आमचे दोन हजार दिवे
गप्प.

"कोण गेलं?"
अंधारात न्गुएतचा आवाज.
हनोईहून येऊन तिला आठवडाच झालाय.
"कुणी नाही. शेजारी उसनं मागायला आले होते."
"काय?"
"उजेड. देतात परत."

तिला कसं सांगू.
आमच्याकडे पाहुणे वाढले
की बुरेकच्या परातीवरून आईची भुवई
नखभर वर जायची.
आम्ही चौघं भावंडं एका सुरात म्हणायचो,
पोट भरलं.
पाहुण्यांना कधी कळलं नाही.
कळू द्यायचं नसतं.

तशीच आज कुणाची तरी भुवई हलली.
कुठल्या गावी, कुठल्याशा दवाखान्यात
टाके घालणाऱ्या हातावरचा दिवा
लुकलुकलासुद्धा नसेल.
इकडे आम्ही दोघी
ओल्या पानांत उभ्या,
पोट भरलं म्हणत.

पैसे मिळतात याचे. स्टूरेला.
स्पष्ट सांगितलेलं बरं.
मी एकदा विचारलंही,
अंधारात उभं राहायचा भाव काय?
तो कानापर्यंत लाल झाला
आणि त्या शुक्रवारी कॉफीबरोबर
दालचिनीचे पाव आले.

काचेपलीकडे बघते तर
ऑक्टोबरपासून आमच्यामुळे नारिंगी असलेला बर्फ
निळा.
रस्त्यापलीकडची आल्फहिल्ड म्हातारी,
आमच्या उजेडाविरुद्ध नगरपालिकेत तिची तीन पत्रं आहेत,
तिच्या खिडकीचा पडदा सरकला.
मग दार उघडलं. लोकरी टोपीत, काठी टेकत
ती अंगणात आली आणि मान मागे टाकून
वर बघत राहिली.
एवढ्या थंडीत. या वयात.

"परत नाही दिला तर?" न्गुएत.
मी काही बोलले नाही.
तीन वर्षं मी हाच प्रश्न विचारत होते,
आणि उत्तर देणारं माणूस
दिवसेंदिवस बारीक होत गेलं होतं.

पडद्यावर आकडा चढू लागला.
उत्तरेला कुणी पाण्याची दारं उघडली असणार.
नव्वद. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव.
न्गुएत आपल्या भाषेत पुटपुटत मोजते आहे,
हातात अर्धवट खुडलेली काकडी.

तापलेला सोडियम लगेच पेटत नाही,
आधी निवावा लागतो.
मग एकेक दिवा, आधी गुलाबी,
जसा झोपेतून उठवलेल्या मुलाचा गाल,
मग पिवळा, मग भणभण.
आल्फहिल्डच्या अंगणात पुन्हा नारिंगी चढलं.
तिने दार लावलं. जरा आपटूनच.

स्टूरेचा निरोप आला : अकरा मिनिटं. आभार.

काकड्यांना पत्ता नाही.
मी सातव्या ओळीत तोच वेल चाचपून शोधला.
खुडलेल्या जागी देठ
अजून ओला होता.