उतार

बेमानअलीच्या नावाचा अर्थ 'राहा'.
आधीची दोघं राहिली नाहीत म्हणून ठेवलेलं,
आपल्याकडे धोंडू ठेवतात तसं.

कनातीत उतरताना तो पांढरे कपडे घालतो.
अंधारात दिसावा म्हणून, गाव म्हणतं.
गौहर ते धुते, वाळवते,
आणि कफनाचं कापड वेगळं घेऊन ठेवत नाही.

वर रहाटावर मुलगा.
दोर एकदा हलला की ओढायचं,
दोनदा हलला की थांबायचं.
हललाच नाही तर काय, ते शिकवलेलं नाही.

चाळीस पुरुष खाली
भिंतीवर टिकावाचे व्रण,
इराणात कुठला तरी शहेनशहा होता तेव्हाचे.
शहेनशहा कोण, बेमानअलीला ठाऊक नाही.
खणणारा डावखुरा होता, एवढं कळतं.
तोही डावखुरा आहे.

मागे दोन दिवे ठेवून
एक डोळा मिटून तो रेघ धरतो.
हजार पावलांना एक पाऊल उतार.
जास्त दिला तर पाणी भिंती खातं,
कमी दिला तर बसून राहतं रुसून.
आंधळ्या सासऱ्याला हाताला धरून न्यावं
तसं न्यायचं त्याला
डोंगरापासून डाळिंबांपर्यंत.

तिकडे गावात, पाटाच्या तोंडाशी
पाणी वाटणारा म्हातारा
तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी
घंगाळात सोडून बसलाय.
वाटी बुडली की एक खडा.
सात खडे झाले की पाणी शेजारच्या बागेत.

पाचवा खडा.
सहावा.

दोर हललेला नाही.
मुलगा तळहातांवर थुंकतो,
रहाटाचा दांडा पुन्हा धरतो.