शेवटची सात मिनिटं

"आता तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"
हे वाक्य माझ्या वाट्याचं.
डॉक्टर उडेह नीतीबद्दल विचारतात, प्रोफेसर पेनी विज्ञान,
आणि मी, लिअँडर नोजवर्थी,
एकतीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन सांभाळलेला,
'समाजाचा प्रतिनिधी' अशी पाटी पुढे ठेवून बसवलेला,
मी शेवटी एवढंच विचारतो
आणि टेबलावरचं घड्याळ माझ्याकडे वळवून घेतो.

सहा वर्षं ऐकतोय.
कोटासारखे प्रश्नही इस्त्री करून आणतात पोरं.
पहिल्याच वर्षी रुग्ण बघायला मिळतात का?
संशोधनाला वाव किती?
एकाने विचारलं, इथलं सगळ्यात चांगलं काय,
आणि उत्तर सुरू व्हायच्या आत मान डोलवायला लागला.
वाईट नाहीत हे प्रश्न.
बोट विकत घ्यायला आलेला माणूसही
आधी रंगाचंच बोलतो.

काल दुपारी केझाया बरी आली.
उत्तरेकडच्या बेटावरची. बर्फात बोट अडकलेली दोन दिवस,
अंगात भावाचा कोट, बाह्या बोटांपर्यंत.
खिशातून कार्ड काढलं, वाचलं, उलटं ठेवलं.
"हे शाळेतल्या बाईंनी दिलेत.
यांची उत्तरं तुमच्या पुस्तिकेत आहेत."

खिडकीखाली सेंट जॉन्सच्या बंदरात
बर्फाचा लगदा हलत होता, नुसताच, कुठे न जाता.

"जे मध्येच सोडून गेले,
त्यांना नंतर इथून कुणी फोन केला?"

प्रोफेसर पेनींनी पेनाचं टोपण लावलं. काढलं.
"बघावं लागेल," म्हणाले.
सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना काही बघावं लागणार होतं.

"रात्रपाळीनंतर झोपायला खोली आहे म्हणता.
तिची कडी आतून लागते?"

आणि मग, डॉक्टर उडेहकडे वळून, आवाज न चढवता,
"तुमची शेवटची चूक
तुम्ही आधी कुणाला सांगितलीत?"

मला वाटलं, संपलं, गेली ही पोरगी.
डॉक्टर उडेहनी चष्मा काढला.
"गाडीला," म्हणाल्या. "पार्किंगमध्ये. काचा वर करून.
माणसाला सांगायला गुरुवार उजाडला."
केझायाने हे लिहून घेतलं नाही.
नुसती ऐकत राहिली, इंजिनाचा आवाज बदलला
की मी जसा कान द्यायचो, तशी.

"आणि तुम्ही, मिस्टर नोजवर्थी?
तुम्ही कुणाच्या बाजूने बसलायत?"

पाटी वाचून दाखवता आली असती.
"इनाच्या," मी म्हणालो.

इना कोण, त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.
चौथ्या मजल्यावर अकरा दिवस.
नऊ डॉक्टर, पैकी दोन अजून शिकणारे,
सगळे विचारायचे, दुखणं एक ते दहात किती?
ती म्हणायची, चार.
रोज चार. शेवटच्या दिवशी चार.
त्याहून जास्त मागणं तिला उद्धटपणाचं वाटायचं,
जेवायला गेलेल्या घरी तिसऱ्यांदा वाढून घेतल्यासारखं.
आणि ते चार लिहून घ्यायचे.

यातलं मी काहीच बोललो नाही.
ती कोण, हे पोरीनेही विचारलं नाही.
म्हणाली, "त्यांना काय विचारायला हवं होतं?"

घंटा वाजली. मीच लावलेली.

गुणपत्रिकेवर सात रकाने असतात.
उमेदवाराने काय विचारलं, त्याला एकही नाही.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं,
'विचारून झाल्यावर थांबते.'
पेनी म्हणाले, लिअँडर, याला गुण कसे देणार?
माहीत नाही, म्हटलं. खोडलं मात्र नाही.

खाली आलो तर ती बसथांब्यावर,
हात बाह्यांच्या आत, चुकीच्या बाजूला उभी.
उमेदवारांशी बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे.
"विमानतळाची बस पलीकडून," मी म्हटलं.
आणि ती रस्ता ओलांडून गेल्यावर, बर्फाकडे बघत,
"तुझं दहा म्हणजे केवढं गं, इना,
असं विचारायला हवं होतं.
मीसुद्धा."