सरावाची नोंद

लायन गेटच्या आत, नौदल गोदीत
बारा संगणक, एसीचं पाणी बादलीत.
'डमी नाव टाका, कुठलंही,' लेफ्टनंट कुरियन म्हणाले.
मी टाकलं : हरिश्चंद्र तांडेल, बॉयलर शॉप.
आवाज : एकशे आठ डेसिबल.
कानात : कापूस.
यादीत कापूस नव्हता.
'इतर' निवडलं.

वर्षं विचारली. चौतीस.
चौकट लाल झाली.
तिसाच्या वर घेत नाही सिस्टीम.
'तीस करा हो, सरावच आहे.'

केली.
उरलेली चार
घरी गेली असतील.
आई तीनदा हाक मारते
तव्यावरची भाकरी ताटाकडे नेता नेता,
बाबा खिडकीकडे बघत राहतात.

शेवटी सिस्टीमने विचारलं : नोंद पुसायची?
सगळ्यांनी 'हो' दाबलं.
मी अजून
माऊसवर हात ठेवून बसलेय.